वावा शब्दाचं बक्षीस

१६ ऑक्टोबर, रविवार

पिठाचं अख्खं पोतं जिंकलं! मी, हिलारिया भट्टीवाली, चौथीत शाळा सोडलेली!

रेडिओवरच्या त्या एल्मेरनं सकाळीच सांगितलं होतं. सर्वसंतांचा सण आला, आता घरोघरी बाळाच्या आकाराच्या पावाच्या वावा भाजायला लागाल, तर सांगा पाहू — लहान पोराला आपण 'वावा' का म्हणतो? शब्द आला कुठून? ज्याचं उत्तर झकास, त्याला पीठ. मग तासभर लोकांनी फोन करकरून डोकं उठवलं. एक म्हणे इंकांनी आणला. एक म्हणे पाद्र्यांनी. मी बाजारात मैत्रीण बेनेदिक्ताच्या बटाट्यांच्या ढिगाशी बसले होते, तिचाच मोबाइल उचलला.

म्हटलं, "बाबा रे, बाकी सगळ्यांची नावं दुसऱ्यांनी ठेवलेली. गाढवाला कुणी विचारायला गेलं नव्हतं. वावा तेवढी स्वतःचं नाव स्वतः ओरडत बाहेर येते — उवाऽ, उवाऽ! मुलगा असो, मुलगी असो. आपण नुसतं ऐकून घेतलं."

एल्मेर खूश. म्हणाला, "वा दोन्या हिलारिया! आणि तुमच्या घरी किती वावा?"

मी म्हणाले, "चुलीमागच्या गिनीपिगणीला आहेत ना, वर्षातून तीनदा. आमच्या सूनबाई मात्र अजून विचार करतायत."

एल्मेरला हसू आवरेना. बाजारापासून धक्क्यापर्यंत खांबांवर रविवारी कर्णे लावलेले असतात, त्यामुळे सगळा बाजार एकदम हसला. बेनेदिक्ताची हॅट पडली. पोतं तिच्या पुतण्यानं हातगाडीवरून घरी आणलं, वाटेत चारजणांनी मला थांबवून मिठी मारली.

सूनबाई देल्फिना तळ्याच्या धक्क्यावरून मासे विकून आली. स्वयंपाक केला, मला वाढलं. चुलीपाशी बसली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

१७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दारातून आवाज आला — "पाणी तापलंय, दोन्या हिलारिया."

मला वाटलं बाहेरचं कुणी आलंय. वळून पाहिलं तर देल्फिना. सहा वर्षं या घरात आहे, पहिल्या दिवसापासून मला 'आई' म्हणते. दोन्या म्हणतात ते परक्या बाईला, दुकानदारणीला, नोटरीच्या बायकोला. तिनं ते आदरानं म्हटलं, अगदी खाली मान घालून, आणि किटली ठेवून गेली.

तेव्हा कळलं की तिनं धक्क्यावर ऐकलं. न ऐकून सांगते कुणाला, तिच्या डोक्यावरच तर कर्णा आहे. गिनीपिगीण म्हणाले मी तिला. खरं तर त्याहून कमी म्हणाले. आणि अख्ख्या तळ्याकाठाला ऐकवलं, पार पलीकडे तिच्या माहेरापर्यंत. तिची आई रविवारी जाळी विणताना रेडिओ लावते.

कान गरम झालेत ते अजून निवत नाहीत.

१८ ऑक्टोबर

विनोद होता. विनोदच होता तो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

धक्क्यावर गेले होते, देल्फिनाशी बोलावं म्हणून. ताडपत्रीमागं थांबले, गिऱ्हाईक जाऊ दे म्हटलं. गिऱ्हाईक म्हणजे तो नावाडी, दात पडलेला. मासे निवडत म्हणतो, "काय गं, झाला का विचार?" बाजूच्या दोघीतिघी खिदळल्या. देल्फिनानं मासे तोलले, वर दोन जास्त घातले, नेहमी घालते तसे, आणि सुटे परत दिले. मग पुढची आली, तिनंही तेच विचारलं, जरा गोड आवाजात.

मी काय केलं? जाऊन त्यांच्या थोबाडात द्यायला हवी होती. मी ताडपत्रीच्या मागून मागच्या मागं सटकले. घरी येईपर्यंत धाप लागली. वाटेत बेनेदिक्तानं हाक मारली, "अगं, रविवारपासून माझ्या गिऱ्हाइकांना तुझाच विनोद सांगतेय!" मी हसले. हसले मी! सवय आहे ना तोंडाला.

माझं तोंड हे माझं भांडवल आहे, असं माझा नवरा सिप्रियानो जिवंत असताना म्हणायचा. भट्टी दुसऱ्यांचीही आहे गावात, पण बायका कणीक घेऊन माझ्याच दारी रांग लावतात, कारण वाट बघताना करमणूक होते. माझ्या विनोदात आजवर कोण कोण भाजून निघालं असेल, ते आजच मोजायला बसावंसं वाटतंय. आणि मोजवत नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

रुफिनोनं आज मला धारेवर धरलं. एकुलता एक माझा, कधी आवाज चढवत नाही. आज अंगणात उभा राहून म्हणाला, "तुला लाज वाटत नाही? माझी बायको बाजारात तोंड लपवून फिरते."

मी म्हटलं, "वाटते."

"वाटते म्हणून काय उपयोग," म्हणाला. मग म्हणाला, सण झाला की ते दोघं आरिकाला जाणार. तिथं बंदरावर काम आहे, त्याचा मित्र आहे. कायमचं जाणार.

मी विचारलं, हे रागातून का? तर म्हणतो, "मला तीन वर्षांपासून जायचंय. तीच नाही म्हणायची. म्हणायची, आईच्या बोटांना आता भट्टीत पाव सारायची लांब फळी झेपत नाही, आपण गेलो तर ती पाव करपवत बसेल एकटी. तुझ्यासाठी अडवून ठेवलं होतं तिनं मला. आता नाही अडवत."

माझी बोटं वाकडी झालीत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं पाहिलं. पाहून फळी स्वतःच्या हातात कधी घेतली ते मला समजलंसुद्धा नाही. मला वाटायचं, आवड आहे पोरीला.

तो ओरडला ते बरंच केलं. माझ्यावर ओरडायला या घरात कुणीतरी हवंच होतं.

२३ ऑक्टोबर, रविवार

हे लिहायला नको वाटतंय.

एल्मेरच्या स्टेशनात गेले, टेकडीवर, धापा टाकत. मनाशी घोकत होते — मी चुकले, सुनेची माफी मागते, बस. सगळ्यांसमोर बोलले तर माफीही सगळ्यांसमोर. लाल दिवा लागला. आधी एका म्हाताऱ्याचा फोन चालू होता. तो म्हणत होता की वावा फक्त पोटची नसते, बियाण्याचा बटाटासुद्धा वावाच, मातीत लावताना म्हाताऱ्याची आई तो बाळ निजवल्यासारखा ठेवायची. छान बोलला बिचारा, पण एल्मेरला घाई. त्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला. "मंडळी, कोण आलंय बघा! दोन्या हिलारिया, सगळा काठ विचारतोय, गिनीपिगीण कशी आहे?"

आणि माझं तोंड — मी नव्हे, माझं तोंड — म्हणालं, "बाळंतीण आहे. भेटायला येताना रिकाम्या हातानं येऊ नका."

एल्मेर खुर्चीत उलटा झाला. काचेपलीकडची मुलगी टेबलावर हात आपटत हसत होती. मी म्हटलं, "नाही, ऐक, मला सांगायचंय—" तोवर त्यानं खताची जाहिरात लावली, आणि मला चहा दिला.

माफी तोंडातच राहिली. खाली बाजारात पुन्हा हसण्याचा आवाज झाला असणार. देल्फिना तिथंच होती, त्याच कर्ण्याखाली. मी टेकडीवरून उतरले ती मागच्या वाटेनं, दगडांतून.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

रेडिओ बंद करायचं ठरवलं होतं, पण लावलाच. गावचे मास्तर बोलत होते. म्हणाले, वावा हा शब्द आपल्या आयमारा भाषेतही आहे आणि केचुआतही, कुणी कुणाकडून घेतला ते पंडितांनाही ठाऊक नाही. पलीकडे चिलीत तर बड्या घरच्या गोऱ्या बायकाही ग्वाग्वाच म्हणतात. बहुतेक तो पोरांच्या रडण्यातूनच आला असावा. म्हणजे माझंच बरोबर. पोतं मला न्यायानं मिळालं.

आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

त्या म्हाताऱ्याचंच डोक्यात फिरतंय. माझी आईही बियाण्याचे बटाटे शेतात न्यायची ते पाठीवरच्या शालीत बांधून, मला बांधायची तसेच. एखादा वाटेत पडला तर परत फिरून उचलायची, धूळ पुसायची, "माझी वावा" म्हणायची. भाजलेल्या पावालाही आपण तेच म्हणतो. जावळ काढेपर्यंत पोराला मुलगा-मुलगी काही नसतं, नुसती वावा. म्हणजे पोटातून कुणाच्या आली हे त्या शब्दात कुठंच नाही. जिला कुणीतरी सांभाळतं ती वावा, एवढंच आहे त्यात. मी मात्र तो शब्द घेतला आणि आडून मारायला दगड म्हणून वापरला. कुणाला मारला, तर जी मला सांभाळत होती तिला.

संध्याकाळी धीर करून म्हटलं, "देल्फिना, त्या दिवशी मी जे—"

"पीठ चाळून ठेवलंय, दोन्या हिलारिया," ती म्हणाली. "उद्या सरपण लागेल."

२९ ऑक्टोबर, शनिवार

भट्टी पहाटेपासून पेटलेली. दारात वळसा घालून रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर परात. आमच्या घरच्या वावा मी त्या बक्षिसाच्या पिठाच्या केल्या. दुसरं पीठ आणावं असं मनात होतं, पण देल्फिनानं तेच पोतं उसवून ठेवलं होतं. कणीक इतकी सुरेख फुगली की मला राग आला.

मी अंगं वळत होते, ती चेहरे बसवत होती. ते बाजारातले रंगवलेले इवलेसे प्लास्टरचे चेहरे, लाल गालांचे. ती आधी बोटानं खळगा करते, मग चेहरा ठेवते, मग कणकेचा काठ वर ओढून घेते, टोपडं घातल्यासारखा. तिच्या वावांचे चेहरे भट्टीत कधी निसटत नाहीत. माझ्या दरवर्षी दोनतीन तोंडावर आपटतात. इतके दिवस शेजारी उभी राहून मी हे कधी नीट बघितलंच नव्हतं.

दुपारी रांगेतल्या एकीनं काढलंच, "हिलारिया, तो गिनीपिगणीचा सांग ना, माझ्या बहिणीनं ऐकला नाही."

देल्फिना समोर होती. मी फळी खाली ठेवली. म्हटलं, "तो विनोद नव्हता. मी नीच बोलले. परत कुणी काढू नका."

सगळ्या क्षणभर बघत राहिल्या, आणि मग हसल्या. "बघा, बघा, चेहरा कसा करते!" एक म्हणाली, "आता पुढे काय गं, पाद्र्याकडे जाणार कबुली द्यायला?" मी म्हटलं, खरंच सांगतेय. तर आणखी हसल्या. एकीला तर ठसका लागला.

जन्मभर यांना हसवलं त्याची ही मजुरी. माझं खरं कुणाला खरं वाटत नाही.

देल्फिनानं मात्र मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. मग पुढचा चेहरा उचलला.

१ नोव्हेंबर

दुपारी बारा वाजता, सगळ्यांचे मेलेले येतात तसा, सिप्रियानोचा आत्मा घरी जेवायला आला. मेज मांडलं देल्फिनानं — ऊस, कांद्याची पात, त्याची आवडती सुकी मासळी, मध्ये त्याच्यासाठी केलेली मोठी वावा, मिशीवाली. शेजाऱ्यांना जेवायला वाढलं तिनंच. सून म्हणून जे जे करायचं ते सगळं केलं, एक वाटी इकडची तिकडे नाही.

मी सिप्रियानोला मनात म्हटलं, बघितलंस का भांडवल.

२ नोव्हेंबर

कबरस्तानात प्रार्थना, पाव वाटप. वारा फार होता. रुफिनो तिथंही मित्रांना आरिकाचं सांगत होता.

६ नोव्हेंबर, रविवार

आज चौकात पावांचं बारसं.

दरवर्षी पाद्री मीच होते. गळ्यात कागदी पट्टा, हातात मिठाच्या पाण्याचा डबा. पोरीबाळी, नव्या नवऱ्या, म्हाताऱ्या आपापली वावा शालीत गुंडाळून आणतात, मी पाणी शिंपडते आणि वाह्यात नाव ठेवते. लोक तेवढ्यासाठीच जमतात. नाव ठेवून झालं की पावाची आई आणि धर्ममाता एकमेकींच्या जन्माच्या कोमाद्रे, म्हणजे मानलेल्या बहिणी, होतात. खेळच तो, पण ते नातं कुणी मोडत नाही.

मी जाणार नव्हते. बेनेदिक्तानं ओढत नेलं. सातआठ बारशी झाली, जमेल तशी नावं ठेवली, लोक हसले. मग गर्दी जरा बाजूला झाली आणि देल्फिना पुढं आली. शालीत वावा. तिनं स्वतःची केलेली, चेहरा टोपड्यात नीट बसवलेला.

सगळे पुढं सरकले. म्हणजे वाट बघायला लागले. दोनेकशे माणसं दात काढायच्या तयारीत.

मी विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा, दोन्या हिलारिया. तुम्हाला शब्द सुचतात."

आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. मी तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. नेहमी तिथं काहीतरी आयतं तयार असतं. आज रिकामं. मागून कुणीतरी ओरडलं, "गिनीपिग ठेव!" आणि हशा पिकला.

मी गळ्यातला पट्टा काढला. कागदच तो, फाटला. म्हटलं, "मला सुचत नाही. देल्फिना, मी तुझ्याबद्दल घाण बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. तुला मूल व्हावं की नाही, ते का होत नाही, हे माझं नव्हतं बोलायचं. मला हशा हवा होता. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल."

पहिल्या वाक्याला दोघंतिघं हसले. मग थांबले. बेनेदिक्ता खाली बघत होती. मला रडू येत होतं, आणि रडले तर तेही सोंग वाटेल म्हणून मी गाल आतून चावून धरला. तोंडात रक्ताची चव आली.

देल्फिनानं वावा परत शालीत गुंडाळली.

"बरं," म्हणाली. आणि घरी गेली.

एवढंच. पण रात्री जेवताना चुलीपाशी बसली. रुफिनो बोलत होता, आरिकाला खोली कशी आहे, समुद्र कसा आहे. ती ऐकत होती आणि मधूनमधून त्याच्याकडे बघत होती, काहीतरी विचारल्यासारखं.

७ नोव्हेंबर, सोमवार

दोन गाठोडी बांधून झाली. मी वाटेसाठी भाजलेले बटाटे आणि चीज दिलं. राहा म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? माफी मागितली ती तिला अडवण्यासाठी, असं तिला वाटायला नको.

उद्या सकाळची गाडी. परवापासून फळी माझी मलाच उचलायची आहे. लाज अजून गेली नाही, पण आता जरा श्वास तरी घेता येतो. ज्याची क्षमा मागायची ती मागून झाली, असं मला वाटतंय.

८ नोव्हेंबर, मंगळवार

रुफिनो एकटाच गेला. देल्फिनानं त्याचं गाठोडं गाडीच्या टपावर दिलं, स्वतःचं खालीच ठेवलं. तो खिडकीतून ओरडत राहिला, गाडी सुटली.

परतताना मी विचारलं, "माझ्यासाठी राहिलीस?"

"नाही," म्हणाली. "धक्क्यावरची जागा माझी आहे." मग बरंच चालून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तुमचं बोलणं ऐकलं तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता, मासे उतरवत. सगळ्यांत आधी तो हसला. तुम्ही तरी माफी मागितलीत. त्यानं मागावी म्हणून मी गाडी सुटेपर्यंत वाट बघितली."

रुफिनो माझी वावा. हसायला मीच शिकवलं त्याला.